माहेर विसरा, हे औषध नव्हे

माझ्या दवाखान्यात दिवसातून दहा वेळा तरी माझ्या तोंडून एक वाक्य निघते : ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ रिपोर्ट नॉर्मल आले, छातीचा कार्डिओग्राम स्वच्छ निघाला, की हे वाक्य ठरलेले. रुग्ण मान डोलावतो, पैसे देतो आणि टेन्शन जसेच्या तसे घेऊन घरी जातो. जवळजवळ तीस वर्षे हे वाक्य बोलल्यावर आज मी कबूल करतो की हा उपचार नव्हे. ताप आलेल्या माणसाला ‘ताप घेऊ नका’ असे आपण सांगत नाही.

आपल्याकडे मनाचे दुखणे मन म्हणून क्वचितच दवाखान्यात येते. ते शरीराचे कपडे घालून येते. छातीत धडधडते, डोके गच्च होते, पोटात गोळा उठतो, हातापायांची आग होते, अंगातून मुंग्या जातात, जीव घाबरा होतो. हे ढोंग नसते. मनावरचा ताण खरोखरच हृदयाचे ठोके वाढवतो, स्नायू आखडवतो, पचन बिघडवतो, झोप उडवतो. पण आमच्यासारखे डॉक्टर शरीरापाशीच थांबतात. एम.बी.बी.एस. करताना मानसोपचार विभागात आम्ही मोजून दोन आठवडे घालवले आणि त्यातला बराच वेळ कॅन्टीनमध्ये गेला. त्याची किंमत कोणी मोजली, ते आज सांगतो. संबंधित भगिनीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सहा दिवाळ्या

वय बेचाळीस. यजमानांचे किराणा दुकान, शेजारीच पिठाची गिरणी आणि गिरणी या वहिनीच सांभाळतात. सुमारे सहा वर्षे त्या माझ्याकडे येत होत्या. तक्रार एकच : छातीत धडधड, झोप नाही, घास गिळताना घशात अडकल्यासारखे वाटते. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, कार्डिओग्राम, एकदा दुर्बिणीतून पोटाची तपासणी, सगळे व्यवस्थित. मी कधी पित्ताची गोळी दिली, कधी बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन, तर कधी झोपेची गोळी. ती झोपेची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहिली होती. माझ्याच जुन्या चिठ्ठीवर ती दीड वर्ष चालू राहिली आणि माझ्या लक्षात आले नाही.

पुढे एकदा त्यांचे जुने केसपेपर एकत्र लावून पाहिले. त्रास दर वर्षी आश्विन-कार्तिकात वाढत होता. सहा दिवाळ्या त्या कागदांवर लिहिलेल्या होत्या आणि मला एकही दिसली नव्हती.

शेवटी मी त्यांना मोठ्या शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. यजमानांनी दुकान बंद ठेवले, एस.टी.ने दोन तास प्रवास केला. तिथे पाऊण तासाची वेळ होती. आधी छापील फॉर्म, मग प्रश्न आला : ‘तुम्हांला स्वतःला काय हवे आहे?’ वहिनी गप्प बसल्या. थोडीफार माहिती निघाल्यावर सल्ला मिळाला : माहेरचा विचार सोडून द्या, नात्यांत मर्यादा आखायला शिका, स्वतःसाठी जगा. परत आल्यावर मी विचारले, ‘कसे काय झाले?’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, मॅडम चांगल्या होत्या. पण त्यांना भाऊ नसावा.’

दुसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत.

त्या तज्ज्ञ बाईंना मी दोष देत नाही. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण ज्या बाईला बेचाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तिला पहिल्याच भेटीत तो विचारला तर ती परीक्षा होते. आणि नापास झाल्याची भावना घेऊन ती घरी येते.

चंद्राला ओवाळणारी बहीण

त्याच वर्षी आमच्या गावात एक तरुण चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ दर गुरुवारी येऊ लागल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या, रीतसर शिकलेल्या. लोक त्यांना ताई म्हणू लागले, मीही तेच म्हणतो. वहिनींना मी त्यांच्याकडे पाठवले. सोबत सासूबाई होत्याच.

ताईंनी सासूबाईंना दारात थोपवले नाही. आत बसवले, पाणी दिले, दहा मिनिटे त्यांच्या गुडघ्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘मावशी, आता तुम्ही जरा बाहेर बसा. मी वहिनींशी बोलते. त्या जे सांगतील ते माझ्यापाशीच राहील, तुम्हांलाही सांगणार नाही. उद्या तुम्ही काही सांगितलेत तर तेही असेच राहील.’ मावशी निमूट बाहेर गेल्या. आपला मान राखला गेला आहे, हे त्यांना कळले होते.

दार लोटल्यावर ताईंनी विचारले, ‘माहेर कुठलं तुमचं? कोण कोण असतं तिथं?’

वाचकहो, हा प्रश्न एस.टी.त शेजारी बसलेली कोणतीही बाई दुसरीला विचारते. त्यासाठी पदवी लागत नाही. पण तो पहिला विचारायचा, हे कळायला आपली माणसे कळावी लागतात. मी सहा वर्षांत तो विचारला नव्हता.

वहिनी अर्धा तास रडल्या आणि मग बोलल्या. वडील वारले, सातबाऱ्यावर नावे लावायची वेळ आली. भावाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. त्या ‘नाही’ म्हणाल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या होत्या की दोन दिवस विचार करते. त्या दिवसापासून भावाचे बोलणे बंद. भाऊबीजेला बोलावणे नाही, तो स्वतः येत नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. पंधरा मैलांवर सख्खा भाऊ असताना या बाईने सहा वर्षे चंद्राला ओवाळले होते. घशात अडकत होते ते हे. ते दुर्बिणीतून दिसणार नव्हते.

ताईंनी काय केले, काय केले नाही

‘सही देऊन टाका आणि माहेर परत मिळवा’ असे ताईंनी सांगितले नाही. ‘हक्कासाठी भांडा, भावाला विसरा’ असेही सांगितले नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा वाटा दिला. कायद्याची माहिती कुठे मिळेल एवढे ताईंनी सांगितले. निर्णय वहिनींचा. तो घेण्याइतकी झोप आणि शांती मिळवून देणे, हे ताईंचे काम.

तिसऱ्या भेटीत ताईंची चूक झाली. त्या म्हणाल्या, ‘तुमचा भावावर राग आहे.’ वहिनी ताडकन उठल्या : ‘माझ्या भावाबद्दल तसं बोलायचं नाही.’ पुढच्या गुरुवारी त्या येतील की नाही, अशी शंका होती. पण त्या आल्या आणि ताईंनी सुरुवातच अशी केली : ‘मागच्या वेळी मी घाई केली. ते तुम्हांला लागलं. माझं चुकलं.’ वहिनींनी मला नंतर सांगितले, ‘शिकलेल्या माणसानं माझ्यापुढं चूक कबूल केली, हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.’ राग होताच. पण त्याचे नाव त्यांनी स्वतः दोन भेटींनंतर घेतले आणि तेही ‘राग’ असे नव्हे. त्या म्हणाल्या, ‘मला त्याचं वाईट वाटतं आणि ते वाईट वाटणं तापतं.’ ताईंनी पुढे हाच शब्द वापरला : ‘आज किती तापलंय?’

वहिनींच्या संमतीने यजमानांना एकदा बोलावले. ते बिचारे मदत म्हणूनच रोज म्हणत होते, ‘सही दे आणि मोकळी हो.’ ते ऐकून बायकोला आपण सासरीही परके असल्यासारखे वाटते, हे त्यांना माहीतच नव्हते. त्यांनी ते बोलणे थांबवले. इकडे मी झोपेची गोळी हळूहळू कमी करत सहा आठवड्यांत बंद केली. (अशा गोळ्या मनाने एकदम सोडू नयेत, त्रास उलटतो.) एकूण नऊ भेटी झाल्या.

शेवट सिनेमासारखा झाला नाही. भाऊ अजून बोलत नाही. सहीही झालेली नाही. पण वहिनींनी मामांच्या घरच्या फोनवरून आईशी बोलणे सुरू केले आणि एका मे महिन्यात आई आठ दिवस लेकीकडे राहून गेली. वहिनींना झोप लागते. धडधड क्वचित होते, आणि झाली तर ती कशाची हे त्यांना कळते. गेल्या दीड वर्षात त्यांनी माझ्याकडे एकही इंजेक्शन मागितलेले नाही.

नाते हेच साधन

यावर कोणी म्हणेल, ताईंनी गप्पाच तर मारल्या. तसे नाही. मनावरच्या उपचारात उपचारक आणि रुग्ण यांच्यातला विश्वास हाच औषधाचा मोठा भाग असतो, हे अमेरिकेच्या कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली ठामपणे मांडले. समोरच्याचे त्याच्या जागी बसून समजून घेणे, त्याला अटी न घालता स्वीकारणे आणि स्वतः मुखवट्याशिवाय वागणे, या गोष्टींवर त्यांनी भर दिला. पण अमेरिकेतला ‘स्वीकार’ आणि आपल्या आळीतला ‘स्वीकार’ एकाच शब्दांत व्यक्त होत नाही. आपल्याकडे तो ‘जेवलात का?’ या प्रश्नात असतो.

आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी हे ओळखले होते. डॉ. विद्यासागर यांनी अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंमध्ये मुक्कामाला बोलावले. घरची माणसे सेवेत सहभागी झाली, आजार समजून घेऊ लागली आणि रुग्ण घरी परतू लागले. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये मांडले की आपल्याकडचे गुरु-शिष्याचे नाते हा मानसोपचाराचा नमुना होऊ शकतो. कारण आपला माणूस मदतीसाठी येतो तो करार करायला नव्हे, कुणाचा तरी हात धरायला.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तर दाखवून दिले की नीट प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर स्थानिक, डॉक्टर नसलेली माणसेही नैराश्याच्या रुग्णांना उपयोगी पडतात. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ भेटींच्या साध्या उपचाराने तीव्र नैराश्याच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात आजीबाईंनाच प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. तिथे ‘डिप्रेशन’ हा शब्द लोकांचा नाही. लोक म्हणतात ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे. आजीबाई तोच शब्द वापरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी रुग्णांचा त्रास लक्षणीय कमी झालेला आढळला. आपणही ‘विचार लागला’, ‘मनाला लावून घेतले’, ‘जिवाला घोर लागला’ असे म्हणतोच की! आजाराचे नाव आपल्या बोलीत आधीपासून आहे. ऐकणारा कान हवा.

संस्कृती म्हणजे ‘सहन कर’ नव्हे

आता माझे मत स्पष्ट सांगतो, कारण इथे एक धोका आहे. आपली संस्कृती जाणून उपचार करायचा, याचा अर्थ ‘आपल्याकडे असेच असते, जुळवून घे’ असे सांगणे नव्हे. घरात मारहाण होत असेल आणि समुपदेशक ‘संसार टिकवा’ म्हणत असेल, तर तो संस्कृती जाणत नाही, तो मारणाऱ्याची वकिली करतो. माहेरची ओढ समजून घेणे वेगळे आणि माहेरच्या अन्यायाला मान डोलावणे वेगळे. चांगला उपचारक नात्यांच्या आत उभा राहून माणसाला आपल्या पायांवर उभे करतो.

तीच गोष्ट देवस्थानांची. आजारी माणसाला कोणी देवाला किंवा दर्ग्यात नेले म्हणून मी हसत नाही. तिथे त्याला धीर मिळत असेल तर मिळो. पण औषध बंद करायला लावणे, उपाशी ठेवणे, साखळदंडाने बांधणे हे श्रद्धेत बसत नाही. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जणांचा जीव गेला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

‘आमचे एकत्र कुटुंब आहे, आम्हांला समुपदेशक कशाला?’ असेही विचारले जाते. घर हा मोठा आधार आहे, हे खरे. पण पुष्कळदा दुखणे त्याच घरात असते आणि जिथे दुखते तिथल्याच माणसाजवळ मन मोकळे करता येत नाही. बाहेरचा, पण परका नसलेला माणूस लागतो.

आणि त्याच्या पोटात गोष्ट राहावी लागते. लहान गावात कोण कोणाच्या पायऱ्या चढले हे संध्याकाळपर्यंत पेठेत कळते. माझ्या हातून एकदा अशी चूक झाली आहे. एका तरुणाच्या उदास मनाविषयी मी त्याच्या काकांशी चहाच्या टपरीवर काळजीपोटी दोन शब्द बोललो. आठ दिवसांत त्याचे ठरत आलेले लग्न फिस्कटले. तो मुलगा पुन्हा माझी पायरी चढला नाही. काळजी खरी होती, पण तोंड उघडण्याचा अधिकार मला नव्हता. गुप्ततेचा हक्क कायद्यानेही रुग्णाला दिला आहे.

तुम्ही काय करावे?

बोलण्याचा उपचार सगळ्याला पुरत नाही. कानात आवाज येणे, विनाकारण संशय, दिवसेंदिवस झोप न लागता अतिउत्साह, अन्नपाणी सोडणे, बाळंतपणानंतर आईचे बाळाकडे लक्ष नसणे किंवा वागणे एकदम बदलणे, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना लवकर दाखवावे. औषधे लागतात आणि त्यांचा गुणही येतो. कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणाले तर ते नाटक समजू नये. स्पष्ट विचारावे, एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

समुपदेशक निवडताना शिक्षण कुठे झाले ते निःसंकोच विचारा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. मग दोन-तीन भेटींत स्वतःला विचारा : हा माणूस माझ्या भाषेत बोलतो का? माझ्या घरच्यांची टिंगल न करता माझी बाजू समजून घेतो का? मला पटले नाही हे त्याला सांगता येते का? वेळेचा आणि फीचा नियम पाळतो का? उपचारकाला ताई म्हणा, दादा म्हणा. पण ती ताई तुमच्याकडून उसने मागू लागली किंवा तुमच्या घरचे निर्णय घेऊ लागली, तर तिथून उठा.

आणि माझ्या डॉक्टर बंधुभगिनींना एक विनंती. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याऐवजी पाच मिनिटे थांबून विचारा, ‘घरी कोण कोण असतं?’ उत्तर देताना पेशंट क्षणभर थांबला, तर पुढचा पेशंट थोडा थांबू द्या.

गेल्या भाऊबीजेला वहिनींनी पुन्हा चंद्रालाच ओवाळले. दुसऱ्या दिवशी गिरणीवर भेटल्या तेव्हा मी भीतभीतच विचारले, ‘झोप लागली का?’ म्हणाल्या, ‘लागली. वाईट वाटलं, मग रडले आणि मग झोपले.’ असा क्रम मी त्यांच्या केसपेपरवर सहा वर्षांत कधी लिहिला नव्हता.